म्हार्दोळची म्हाळसा: न्याय मागायला जाणाऱ्यांसाठी

तारे: पाचपैकी पाच.

फोंडा-पणजी रस्त्यावरच्या या देवळाच्या सौंदर्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. कूर्माच्या पाठीवर उभा असलेला तो पितळी दीपस्तंभ, सभामंडपातले दशावतार, सगळे खरेच आहे. मी लिहितो आहे ते गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांसाठी.

आमच्या भाटाचा, म्हणजे माडांच्या बागायतीचा, फॉर्म १-१४ (गोव्यातला जमिनीच्या हक्काचा उतारा) काढला तर त्यावर भलत्याच माणसाचे नाव. विक्रीखतावर आजोबांची सही, आणि तारीख आजोबा वारल्यानंतरची. २०२२ साली सरकारने जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले, तेव्हा असे किती जण आहेत ते कळले. आम्हीही तक्रार दिली, दावा चालू आहे. पण ज्याने हे केले तो गावात मान घेतो, उत्सवात पुढे बसतो. ते बघून माझी आई आतल्या आत जळत होती. देव आंधळा आहे का, असे एकदा बोलून गेली.

म्हाळसेच्या घंटेची कथा गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. एरवी या घंटेला लोळा नसतो, साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो लावतात. इथे खोटे बोलणाऱ्याला देवी तीन दिवसांत शिक्षा करते अशी श्रद्धा, आणि पोर्तुगीज काळात इथली साक्ष न्यायालयातही मानत, असे सांगतात. काही जण आता समोरच्याला भिवविण्यासाठी या घंटेचे नाव घेतात. मला ते मुळीच पटत नाही. देवीच्या नावाने धमकी देणारा स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो.

भटजींनी आम्हाला घाई केली नाही, म्हणून हे पाच तारे. सगळी हकीकत ऐकून घेतली. ‘त्याचे वाटोळे होऊं दे, असे सांगा,’ आई म्हणाली. ते शांतपणे म्हणाले, ‘आई, खरे काय ते तिच्यापुढे ठेवूया. शिक्षा कोणती ते तिला आपण सांगायचे नाही.’ मग नारळ ठेवून त्यांनी कोकणीतून गाऱ्हाणे घातले: आमचे घराणे, गाव, आजोबांचे नाव. आईच्या हट्टाखातर सर्व्हे नंबरसुद्धा. तोही त्यांनी त्याच गंभीर सुरात उच्चारला. आई रडली. बाहेर येईपर्यंत तिचा आवाज बदलला होता.

काहीजण विचारतात, एवढी जागृत देवी तर चोर अजून मोकळा कसा? मी त्यांना वेर्ण्याची आठवण देतो. म्हाळसेचे मूळ देऊळ तिथे होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि भक्तांनी मूर्ती अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणली. मूर्ती उचलून नेणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी कसलाही निकाल पाहिला नाही. तरी त्यांनी दिवा तेवत ठेवला. आज वेर्ण्याला त्याच जुन्या जागी पुन्हा देऊळ उभे आहे, आणि ज्या राजवटीने ते पाडले ती १९६१ साली गोव्यातून गेली. देवी बघत असते यावर माझा विश्वास आहे. तिचा हिशेब आपल्या आयुष्यात बसेलच असे मात्र नाही.

म्हणून दावा सोडू नका. गाऱ्हाणे घातले की वकील नको, असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नका. आम्ही प्रत्येक तारखेला हजर राहतो. एवढेच की आता त्या माणसाला शिव्याशाप देत नाही, आणि घरात त्याचा विषय निघाला तरी जेवण थांबत नाही.

रविवारी पालखी असते, गर्दी होते. निवांत बोलायचे असेल तर आठवड्यात सकाळी जा. वयस्कर माणसाला सोबत घ्या आणि भटजींना सगळे पहिल्यापासून सांगा, लाजू नका.