स्क्रॅम्बलर, नऊ महिने आणि साइड स्टँडचा स्विच

काल माझी स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही नेता येईल अशी मोटरसायकल, चौथ्यांदा बंद पडली. दुसऱ्या गिअरमध्ये, खडीच्या चढावर, कुणीतरी चावी फिरवावी तशी. आचका नाही, अडखळणं नाही. मागे सामान बांधलेलं, खाली सरकणारी खडी आणि उंच सीटमुळे अर्धवट टेकणारा डावा पाय. गाडी आडवी झाली नाही एवढंच. सहा महिने झाले की अनुभव लिहायचा असं ठरवलं होतं. सहा महिने झाले, ५,२०० किलोमीटर झाले, तर आता लिहितोच.

स्पेसिफिकेशन इथे कुणाला सांगायला नकोत. चारशे सीसीच्या आसपासचं सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड इंजिन, पुढे १९ इंची चाक, रुंद हँडल, वर चढवलेला सायलेन्सर, गोल हेडलाइट. याआधी अकरा वर्षं १२५ सीसीची एकच गाडी वापरली. ऑइल, चेन, टायर, ब्रेकचे पॅड, याच्यापलीकडे तिने काही मागितलं नाही. ही घेण्यासाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले, कर्ज काढलं नाही. त्यामुळे या गाडीकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत, आणि त्या कमी करायची माझी तयारी नाही.

आधी चांगलं सांगतो. इंजिन मनापासून आवडलं. तिसऱ्या गिअरला ३,००० आरपीएमवरून थ्रॉटल उघडला की गाडी कुरकुर न करता ओढते. गावात शिरताना, चढावर, मागे माणूस बसलेलं असताना सारखा गिअर पाडावा लागत नाही. क्लच इतका हलका आहे की तासभर गर्दीतून काढूनही मनगट दुखत नाही. खराब रस्त्यावर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहिलं की हँडल बरोबर हाताच्या उंचीला येतं आणि गाडी गुडघ्यांनी धरता येते. ही बसण्याची, किंवा उभं राहण्याची, ठेवण कुणीतरी खरोखर चालवून ठरवलेली आहे. सीट पहिल्या महिन्यात दगडासारखी वाटली होती. बदलून घ्यायचा विचार होता, पण तिसऱ्या महिन्यात ती तक्रार राहिलीच नाही, पैसे वाचले. मागे बसणाऱ्याचं मात्र तसं नाही. बायको दीड तासाच्या वर बसत नाही आणि तिचं बरोबर आहे, मागची जागा खूपच आखूड आहे.

वरचा सायलेन्सर दिसतो छान, पण सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबलं की उजव्या पोटरीला धग लागते. जाड पँट घातली की काम भागतं. गोल मीटर शोरूममध्ये सगळ्यात जास्त आवडला होता. आता दुपारच्या उन्हात त्यातले आकडे वाचता येत नाहीत म्हणून रोज चिडचिड होते. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असं वहीत लिहून काढतो. आतापर्यंत २७ ते २९ च्या मध्ये मिळालं आहे. मीटर नेहमी दोनेक किलोमीटर जास्तच दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका.

आता बंद पडण्याचं. पहिल्यांदा झालं ते २,१०० किलोमीटरला, पावसानंतरच्या चिखलाच्या रस्त्यावर. इंजिन गेलं, पण मीटर चालू, हेडलाइट चालू. क्लच दाबून सेल्फ मारला तर काहीच नाही, टकसुद्धा नाही. न्यूट्रल करून बाजूला ढकलत नेली, दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात चालू. मला वाटलं, तापली असेल.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या माणसाने डांबरी रस्त्यावर चक्कर मारली, लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, "सर, एरर कोड काहीच नाही. गाडी ओके आहे." दुसऱ्या वेळी बॅटरीचे टर्मिनल साफ केले, प्लग बदलला, इंजेक्टर साफ केला आणि त्याचं बिल माझ्या हातात दिलं. मी विचारलं, हेडलाइट पूर्ण प्रकाशाने चालू राहतो तर बॅटरीवर संशय का? उत्तर मिळालं नाही. तिसऱ्या वेळी फ्युएल पंप खराब असेल म्हणाले. वॉरंटीत बदला म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "कच्च्या रस्त्यावर चालवता का?"

हा प्रश्न मला फार लागला. स्क्रॅम्बलरच्या मालकाला हा प्रश्न विचारायचा? २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळ 'सदर्न स्कॉट स्क्रॅम्बल' नावाची शर्यत झाली, तिथून हा शब्द मोटरसायकलींच्या जगात रुजला. उघड्या माळावर, चिखलातून, दगडांवरून. सायलेन्सर वर चढवायची पद्धत पुढे रुजली तीही दगड लागू नयेत आणि पाणी शिरू नये म्हणूनच. ज्या गाडीच्या जाहिरातीत चिखल उडतो, ती चिखलात नेली म्हणून वॉरंटीवर प्रश्नचिन्ह लावायचं, हे मला मान्य नाही आणि मी तिथे उभा राहून तसं स्पष्ट सांगितलं. आवाज चढला. दोघांचाही. पंप बदलला नाही.

१९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन हे दोघे होंडाच्या २५० सीसीच्या सीएल ७२ स्क्रॅम्बलर घेऊन मेक्सिकोतल्या तिहुआनाहून ला पाझपर्यंत गेले. सगळा बाहाचा वाळवंटी प्रदेश, रस्ता नावाला. एकिन्स चाळीस तासांच्या आत पोचला. रॉबर्टसनच्या गाडीचा एक पिस्टन निकामी झाला होता, तो उरलेल्या एका सिलिंडरवर गाडी ओढत पोचला. साठ वर्षांपूर्वीची गाडी अर्ध्या इंजिनावर वाळवंट पार करते आणि माझी धडधाकट इंजिन असून गावाबाहेरच्या खडीवर थांबते. सध्या माझं मत एवढंच आहे: ही गाडी घेऊ नका.

नऊ महिने, ७,४०० किलोमीटर. वरचं सगळं जसंच्या तसं ठेवतो आहे, कारण तो रागही खरा होता. पण शेवटचं वाक्य मी मागे घेतो.

उत्तर पाचव्या वेळी सापडलं. तसाच खराब रस्ता, तसंच बंद पडणं. यावेळी वाट न बघता लगेच न्यूट्रल केलं आणि सेल्फ मारला. चालू झाली. म्हणजे तापण्याचा काही संबंधच नव्हता! आधीच्या प्रत्येक वेळी दहा मिनिटांमुळे नाही, तर न्यूट्रलमुळे गाडी चालू होत होती. मग पहिला गिअर टाकला आणि गाडी मेली. परत न्यूट्रल, चालू. परत पहिला, बंद. आणि ते बंद होणं एकदम ओळखीचं वाटलं. घरून निघताना घाईत साइड स्टँड वर करायचा राहिला आणि गिअर टाकला की गाडी जशी मरते, अगदी तशीच. खाली पाहिलं तर स्टँड वरच होता. टाचेने त्याला दोन जोरात ठोके मारले, गिअर टाकला, गाडी निघाली.

स्टँडच्या सांध्यापाशी एक छोटा स्विच असतो. स्टँड वर असेल तर माझ्या गाडीतल्या या स्विचचं सर्किट जोडलेलं राहतं, खाली आला की तुटतं. सर्किट तुटलेलं असताना गाडी न्यूट्रलमध्ये चालू राहते, पण गिअर पडला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंजिन बंद करतो आणि क्लच दाबूनही सेल्फ लागू देत नाही. ही सोय अत्यंत गरजेची आहे. स्टँड खाली राहिलेल्या गाडीने डावीकडे वळण घेतलं तर स्टँड जमिनीत रुतून गाडी उचलून फेकतो. १९९३ च्या युरोपीय निर्देशातही हेच आहे: साइड स्टँड एकतर आपोआप मिटला पाहिजे, नाहीतर तो उघडा असताना गाडी इंजिनाच्या जोरावर चालता कामा नये.

माझ्या गाडीत झालं असं की स्विचच्या दांडीभोवती चिखल आणि बारीक वाळू जाऊन घट्ट बसली होती. त्यात स्टँडचा मुख्य बोल्ट किंचित सैल, त्यामुळे वर दुमडलेला स्टँडही खड्ड्यात दोन-तीन मिलिमीटर हलायचा. तेवढ्यात संपर्क तुटायचा. गुळगुळीत रस्त्यावर काहीच व्हायचं नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या चकरेत ते कधी दिसलं नाही. आणि एरर कोड का नव्हता, तेही आता कळलं. स्टँड खाली आला ही ईसीयूच्या लेखी बिघाडाची गोष्ट नाही, ती रोजची घटना आहे. ईसीयूने सांगितलेलं काम बरोबर केलं, कुणी चूक केलीच नाही तर नोंद कशाची होणार?

खात्री करायला मल्टिमीटर लागतो, बाकी काही नाही. डावं साइड कव्हर काढून स्विचचा कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, म्हणजे सर्किट जोडलेलं असेल तोवर बीप वाजते. स्टँड वर, बीप सलग. मग स्टँड हाताने हलवला, तर बीप तुटायला लागली. पाच महिने मी ज्याच्या मागे होतो ते तुटक्या आवाजात समोर ऐकू येत होतं. मी किती वेळ तिथे जमिनीवर बसून स्टँड हलवत राहिलो ते सांगता येणार नाही. राग पूर्ण उतरला होता.

साफ केलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बोल्ट कसला, सांध्याला ग्रीस लावलं. तीन आठवडे छान गेले आणि पुन्हा एकदा बंद पडली. म्हणजे स्विच आतून झिजलाच होता. मग मल्टिमीटर घेऊनच सर्व्हिस सेंटरला गेलो. यावेळी काउंटरवर न बोलता थेट आत, तिथल्या वयस्कर मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, "काका, दोन मिनिटं फक्त आवाज ऐका." त्यांनी स्टँड हलवला, बीप तुटली. त्यांनी पुन्हा हलवला. म्हणाले, "हे आधी कुणी बघितलं नाही?" आणि स्वतः जाऊन काउंटरवर बोलले. स्विच वॉरंटीत बदलून मिळाला, सोबत स्टँडची स्प्रिंगही. वीस मिनिटांचं काम. त्या काकांबद्दल मला खरोखर आदर आहे.

वायरी जोडून स्विच कायमचा बाद करायचा सल्ला मला तिघांनी दिला. मी तो मानला नाही, तुम्हीही मानू नका. स्टँड विसरणं माझ्याकडून महिन्यातून एकदा तरी होतं आणि प्रत्येक वेळी याच स्विचने मला थांबवलं आहे. त्यापेक्षा जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून स्विचवर पडद्यासारखा बांधला आहे, पुढच्या चाकाचा चिखल त्याच्यावर बसतो. फुकटात झालं. धुताना तिथे प्रेशरचा पाइप जवळ नेत नाही, साधं पाणी ओततो आणि जुन्या टूथब्रशने घासतो.

माझी खरी तक्रार आता स्विचबद्दल नाही, मीटरबद्दल आहे. या मीटरमध्ये फोन जोडलेला आहे की नाही ते दिसतं, पुढचं सर्व्हिसिंग किती किलोमीटरवर आहे ते दिसतं. साइड स्टँडचा दिवा नाही! कितीतरी स्वस्त गाड्यांमध्ये तो असतो. एक छोटा लाल दिवा असता तर पहिल्याच वेळी, २,१०० किलोमीटरला, चिखलात उभा असताना मला कळलं असतं की गाडीला स्टँड खाली आहे असं वाटतंय. प्लग बदलला नसता, इंजेक्टर उघडला नसता, पंपावरून भांडण झालं नसतं. गाडी का थांबली हे गाडीला पक्कं माहीत होतं, फक्त सांगायची जागा ठेवलेली नव्हती. हे मी कंपनीला लिहून पाठवलं आहे. यापुढे कुठलीही गाडी बघायला गेलो तर आधी चावी फिरवून स्टँड खाली-वर करीन आणि मीटरकडे बघीन, रंग मग.

बाकीचं थोडक्यात. मागच्या टायरचे ठोकळे मधोमध निम्म्याच्या वर झिजले आहेत, १०,००० पर्यंत जातील असं वाटत नाही, आणि ८० च्या पुढे त्यांचा घुमणारा आवाज येतो. चेन मी ५०० किलोमीटरला साफ करतो, ती व्यवस्थित आहे. ॲव्हरेज तेवढंच. उन्हात मीटर अजूनही वाचता येत नाही.

घ्यावी का? मी हीच परत घेईन. स्विच बदलल्यापासून १,३०० किलोमीटर झाले, त्यातले निम्मे तरी कच्च्या रस्त्याचे, आणि इंजिन एकदाही थांबलेलं नाही. ज्या खडीच्या चढावर चौथ्यांदा बंद पडली होती, तिथे मुद्दाम गेलो, सामान तितकंच बांधून, दुसऱ्या गिअरमध्ये, पेगवर उभा राहून. वरपर्यंत गेली. वर पोचल्यावर मीच स्टँड लावला आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो.

प्लग आणि इंजेक्टरचं बिल मात्र मी सोडलेलं नाही. ते काम गरज नसताना केलं होतं, असं स्विच बदलल्याच्या जॉब कार्डची प्रत जोडून लेखी दिलं आहे. पैसे परत मिळाले की इथेच खाली लिहीन.