हजाराच्या आतली टिन व्हिसल: नळी चांगली, डोकं मात्र घरी दुरुस्त करा

टिन व्हिसल म्हणजे तोंडात धरून सरळ फुंकायची छोटी आयरिश बासरी: पितळी नळी, प्लॅस्टिकचं डोकं (फुंकायचा भाग), सहा भोकं, सूर डी म्हणजे पेटीवरची सफेद दोन. सोलापुरात वाद्यांच्या दुकानांत बासरी सहज मिळते, ही मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. गड्ड्याच्या यात्रेतल्या पिपाणीत हिची गणना करू नका. दोन सप्तकं नीट वाजतात. पण खोक्यातून काढली तशीच फुंकली तर वरचे स्वर किंचाळतात आणि सगळी भोकं झाकल्यावरचा खालचा डी टिकत नाही, वरच्या सप्तकात पळतो. दोष जवळपास नेहमी डोक्यात असतो. अर्ध्या तासाचं काम धरूनच घ्यावी.

डोकं नळीवर चिकटवलेलं येतं. सांध्याचा भाग अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, मग फडक्यात पकडून पिळत काढा. उकळतं पाणी नको, फुंकीची फट वाकडी झाली की डोकं गेलंच. खिडकीवर, म्हणजे डोक्यावरच्या चौकोनी भोकावर, जोर देऊ नका. जुना गोंद नखानं खरवडा. डोकं सैल झालं तर नळीवर प्लंबरची टेफ्लॉन टेप एक-दीड वेढा पुरते. जास्त गुंडाळली की प्लॅस्टिकला चीर जाते. गळती पाहायची तर सांध्याला साबणाचं पाणी लावा, खिडकी, भोकं आणि खालचं तोंड बंद करून हलकं फुंका. बुडबुडे आले तर खालचा डी का पळतो ते कळलं.

खरा फरक पडतो तो पोकळी भरल्यानं. साच्यातल्या डोक्यात फटीच्या तळाखाली रिकामी जागा राहते. तिथं हवा घुटमळते, वरचे स्वर फुंकीला दाद देत नाहीत. पोस्टर चिकटवायची पुटी हरभऱ्याएवढी घ्या आणि नळीच्या बाजूनं काडीनं दाबत बसवा, पुढचा काठ फटीच्या तळाच्या टोकाशी सपाट येईपर्यंत. खिडकीत कणभरही डोकावली तर आवाज बसतो. मेणही चालतं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत राहिलं की पाघळतं. एम-सील टाळा, चुकलं तर निघत नाही.

खिडकीतल्या, फटीसमोरच्या पात्याला (हवा जिच्यावर आदळून आवाज निघतो ती कड) साच्याचा पापुद्रा राहिलेला असेल तर 600 नंबरचा पॉलिश पेपर, मग 1000चा, दोन-तीन हलके हात. पातं सुरीसारखं करायचं नाही. घासलेलं परत येत नाही.

आता सूर. ट्यूनर (सूर मापायचं यंत्र किंवा ॲप) ए 440 हर्ट्झवर ठेवा, व्हिसल फुंकून गरम करा, मगच मापा. डोकं 1 मिमी बाहेर ओढलं की खालचा डी सुमारे 6 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरतो, एकच भोक झाकल्यावरचा बी हा स्वर मात्र 10च्या आसपास. म्हणून फार ओढलं तर स्वरांचं आपसातलं नातं बिघडतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवेतला ध्वनीचा वेग वाढतो आणि व्हिसल चढते. पेटीचे रीड जवळपास तिथंच राहतात. डोकं मोकळं करण्याचा खरा उपयोग इथं. एखादाच स्वर चढा असेल तर त्या भोकाच्या डोक्याकडच्या कडेला नेलपॉलिशचे पातळ थर द्या. उतरलेला असेल तर तीच कड गोल कानशीनं अगदी थोडी वाढवा. इन्सुलेशन टेप लावू नका, उन्हात तिचा गोंद बोटांना लागतो.

थंडीत सकाळी वाजवताना फटीत वाफेचं पाणी साचून आवाज घोगरा होतो. चमचाभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ते फटीतून सोडा आणि न धुता वाळू द्या. पाण्याचा थेंब न होता पातळ थर पसरतो. पितळ काळवंडलं म्हणून पितांबरी लावायची तर आधी डोकं काढा, नाहीतर पावडर फटीत बसते.

बासरीवाल्यांसाठी: तीन भोकं झाकून सा धरलात तर तो सफेद पाच येतो आणि उघडं सप्तक तीव्र मध्यमाचं, म्हणजे कल्याण थाटाचं. शुद्ध मध्यमासाठी अर्धं भोक दाबायला नको. वरचं पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं झाका. मींड मात्र या छोट्या भोकांतून बासरीसारखी निघत नाही, त्यासाठी ही घेऊ नका.