मीटरांच्या अर्थिंगची तयार वायर: जरूर घ्या

जुन्या गाडीचा डॅश नव्याने रंगवला की मीटरांची अर्थिंग, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, हमखास बिघडते. ती मीटरमागच्या पट्टीतून पत्र्यात जाते आणि मध्ये रंगाचा थर येतो. माझ्या गाडीत हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलायचा. ही वायर लावल्यापासून स्थिर आहे. सगळे मीटर जोडून ती बॉडीवर एकाच बोल्टला बसते. तांबं भरपूर, टोकांच्या रिंगा घट्ट दाबलेल्या. फार आवडली.

गाडीत व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरांना कमी, ठरावीक व्होल्टेज देणारी डबी) असेल तर त्यालाही एक टोक द्याच! त्याची अर्थिंग गेली की सरासरी १० व्होल्टऐवजी बॅटरीचे पूर्ण १२ जातात आणि पेट्रोल, तापमान दोन्ही काटे वर चढतात. दातेरी वॉशर मात्र सोबत येत नाहीत, ते वेगळे घ्या. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा.