नैरोबीहून एका मुक्कामाची सफारी: मारा, नाकुरू की अंबोसेली?

नैरोबीत बिऱ्हाड लागलं, तूरडाळ कुठे मिळते ते कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: शनिवार-रविवारी प्राणी बघायला कुठे जायचं? बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव मसाई माराचं. माझं मत उलटं आहे. हाताशी एकच रात्र असेल तर मारा सगळ्यात शेवटी.

एका मुक्कामाच्या सफारीत खऱ्या कामाच्या वेळा दोनच: शनिवारी उन्हं कलल्यानंतरची आणि रविवारी उजाडतानाची. मधल्या उन्हात सिंह झुडपाखाली आणि आपण गाडीत, दोघंही पेंगतो. या दोन वेळा पदरात पडतात का, एवढंच बघायचं.

मारा साधारण 270 किलोमीटर, नारोकमार्गे पाच-सहा तास. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालतं, आणि निघायच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडलो नाही तर आणखी एका दिवसाचे पैसे. म्हणजे रविवारची सकाळ घड्याळाकडे बघत जाते. जुलै 2024 पासून परदेशी पाहुण्याला दिवसाला जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. इथल्या रहिवाशांना दर कमी आहे, पण आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना पाहुण्यांचाच. ‘आमच्याकडेच राहतात’ हे फाटकावर चालत नाही. त्यात पावसाळ्यातली काळी माती. आपली रेगडीच ती, चाकाला तशीच लडबडते. एका एप्रिलमध्ये आमची गाडी रुतली आणि संध्याकाळची फेरी तिथेच संपली. तीन दिवस असतील, किंवा नैरोबीतल्या विल्सन विमानतळावरून पाऊण तासाचं छोटं विमान परवडत असेल, तर मात्र जरूर जा. जुलै ते ऑक्टोबर वाइल्डबीस्ट हरणांचे कळप तिथे असतात, त्याला तोड नाही.

नाकुरू जवळ, 160 किलोमीटर. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मंडळी बरोबर असतील तर हेच. उद्यान 188 चौरस किलोमीटरचं आणि भोवती कुंपण. कुंपण ऐकून लोक नाक मुरडतात, पण ते गेंड्यांसाठी आहे, आणि म्हणूनच काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे एका सकाळी दिसू शकतात. हत्ती नाहीत. जुने फोटो पाहून फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेल्या तळ्याच्या आशेने मात्र जाऊ नका. पाणी इतकं चढलं की जुनं मुख्य फाटक बुडालं. खारेपणा उतरला, फ्लेमिंगोंचं खाणं असलेलं शेवाळ कमी झालं आणि त्यांनी बोगोरिया तळ्याकडे मुक्काम हलवला. काठाला आता वाळलेल्या बाभळींची खोडं पाण्यात उभी दिसतात. बबून क्लिफ या माकडांच्या कड्यावर डबा उघडू नका. आमच्या पोळ्या गेल्या, भाजी तेवढी ठेवली त्यांनी.

मला विचाराल तर अंबोसेली. मोम्बासा रस्त्याने एमाली गाव, तिथून उजवीकडे किमानाच्या फाटकाकडे, चारेक तास. पहाटे साडेपाचला निघायचं, एमालीला चपाती आणि न्डेंगू, म्हणजे मुगाची उसळ, खायची. चपाती हा शब्द इथलाच झालाय. चारच्या फेरीला हमखास पोचता.

ताडोब्यात आपण बांबूत डोळे रोवून, कॉल ऐकत बसतो. इथे उघडं माळरान. हत्तींची रांग धूळ उडवत दोन किलोमीटरवरून येताना दिसते. उद्यान कोरडं ठणठणीत, पण किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन मध्येच दलदली करतं. त्यातून बाहेर पडलेला हत्ती पोटापर्यंत ओला काळा, वर राखाडी धुळीचा. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. इथल्या हत्तींचा अभ्यास अमेरिकी संशोधक सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये सुरू केला. कळप गाड्यांना सरावलेत, पिल्लं पायात घेऊन माद्या शांतपणे समोरून रस्ता ओलांडतात.

5895 मीटरचा किलिमांजारो आहे टांझानियात, दिसतो इकडून. पण तो पहाटे. नाश्ता करून निघू म्हणालात की ढगांनी पडदा ओढलेला. गेंडा इथे नाही, सिंहाची खात्री देऊ नये, आणि धूळ म्हणाल तर कॅमेऱ्यात, केसात, दातात. नाकुरू निवडण्याची तेवढी सबळ कारणं आहेत.

बाटलीबंद पाणी घरीच ठेवा; 2020 पासून उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. स्टीलच्या बाटल्या भरून घ्या.

आणि एका रात्रीचीही सवड नसेल तर शहराला खेटून नैरोबी उद्यान आहेच, 1946 पासूनचं, 117 चौरस किलोमीटरचं. हत्ती सोडा, पण सहाला आत शिरलात तर गेंडा, जिराफ आणि नशीब असेल तर सिंह, त्यांच्यामागे उंच इमारती. दुपारच्या वरणभाताला घरी.