सही आधी, माहिती नंतर: विद्यापीठाच्या सल्लागार-जुळवणी सेवेचा अनुभव

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. गेल्या वर्षी तेथील एका साउथ एशियन सोरॉरिटीच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनी-संघटनेच्या, मुली माझ्याकडे सल्लागार होण्याची विनंती घेऊन आल्या आणि त्यानिमित्ताने विद्यापीठाच्या 'ग्रीक लाइफ' कार्यालयाची, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या अशा संघटनांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाची, सल्लागार मिळवून देणारी सेवा मला जवळून पाहता आली.

अशा सोरॉरिटी फार जुन्या नाहीत. डेल्टा फाय ओमेगा, कप्पा फाय गॅमा आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो या तिन्ही १९९८ साली स्थापन झाल्या. त्यामुळे जुन्या, धनाढ्य संघटनांप्रमाणे प्राध्यापकवर्गात त्यांच्या माजी सदस्या सहसा सापडत नाहीत. आमच्या मुलींना कार्यालयाने दिली ती केवळ इच्छुकांची एक यादी, आणि तीही शिळी. अकरा जणांना त्यांनी पत्रे पाठवली. त्यांपैकी दोघे निवृत्त झालेले, एक विद्यापीठ सोडून गेलेले, आणि उरलेल्यांपैकी एकाचेच उत्तर आले, तेही नकाराचे. माझे नाव त्या यादीत नव्हतेच. मला फोनवर मराठीत बोलताना त्यांच्यातल्या एकीने ऐकले, एवढाच काय तो माझा पत्ता.

सल्लागाराचा अर्ज एक पानी आहे: नाव, विभाग, पूर्णवेळ नोकरीत असल्याची खूण आणि सही. जबाबदारी काय, याचा त्यात चकार शब्द नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. विद्यापीठांना आवारातील गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणाऱ्या अमेरिकेच्या क्लेरी कायद्यानुसार विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराला सहसा 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' मानले जाते. म्हणजे कानावर आलेला ठरावीक स्वरूपाचा गुन्हा, मुलीने विश्वासाने सांगितलेला असला तरी, विद्यापीठाला कळवणे त्याला भाग असते. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने हेझिंगच्या, म्हणजे आपल्याकडच्या रॅगिंगच्या, घटनांची नोंदही त्यात आणली. हे सही करण्यापूर्वी सांगितले, तर काही जण मागे हटतील हे खरे. पण जे टिकतील ते समजून-उमजून टिकतील.

सहीनंतरचे दीड तासाचे प्रशिक्षण मात्र उत्तम होते. सोरॉरिटीच्या मुख्यालयाने नेमलेली शाखा-सल्लागार वेगळी असते, हिशेब आणि दीक्षाविधी तिच्याकडे असतात, विद्यापीठाच्या सल्लागाराने त्यांत पडायचे नसते, हे प्रशिक्षिकेने उदाहरणे देऊन समजावले. मुलींच्या संमतीपत्राशिवाय त्यांचे गुण मला पाहता येणार नाहीत, हेही तिथेच कळले. (त्या मला 'आंटी' म्हणतात, तेव्हा मला गुण विचारण्याचा मोह होतोच.)

पाचपैकी तीन तारे देते, आणि ते तिन्ही त्या प्रशिक्षणाचे. ज्या मुलींना सल्लागार हवा आहे, त्यांनी यादीवर विसंबू नये. ग्रंथालय, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, प्रयोगशाळा येथील कर्मचाऱ्यांना सत्र संपण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटावे, आणि वर्षभरात किती सभा व किती सह्या लागतील, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्यावे.