जाळीच्या झाकणाची बरणी आणि जाळीचा तळ: मेलीफेराच्या पेट्यांवर तिन्ही हंगाम वापरल्यानंतर

मेलीफेरा, म्हणजे परदेशातून आणलेली पाळीव मधमाशी, हिच्या अंगावर जगणारा व्हरोवा नावाचा माइट (गोचिडासारखा बारीक जीव) मोजायला ही बरणी. ती साधीच आहे. रुंद तोंडाची, प्लॅस्टिकची; झाकण मधोमध कापून त्यात साधारण तीन मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी बसवलेली. पेटीलाही लाकडी तळाऐवजी तशीच जाळी आणि तिच्याखाली आत-बाहेर सरकणारा पांढरा पत्रा. दोन्ही गावातल्या सुताराकडून करून घेतली. पावसाळा, रब्बी आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम वापरल्यावर बरणीबद्दल माझं मत अगदी पक्कं झालंय, तळाबद्दल थोडं राखून आहे.

ज्यांनी फक्त आपली देशी सातेरी माशी पाळली त्यांना या खटाटोपाचं नवल वाटेल. व्हरोवा माइट मुळात सातेरीच्याच जातीवरचा, पण तिथे तो जवळपास नराच्या घरातच, म्हणजे नर पिल्लू वाढतं त्या पोळ्यातल्या कप्प्यातच, वाढतो आणि कामकरी माश्या त्याला अंगावरून काढून टाकतात. मेलीफेराकडे ही सवय फार कमी. माइटची मादी घर मेणाने बंद होण्याच्या थोडं आधी आत शिरते, कोषावर पोसते, आतच अंडी घालते आणि नवी माशी बाहेर पडते तेव्हा लेकींसह तिच्याबरोबर येते. नराचं घर कामकरीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त बंद राहतं, म्हणून तिथे तिच्या जास्त लेकी तयार होतात. तो माशीचं रक्त शोषतो असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. 2019 मध्ये सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रौढ माशीच्या अंगातला चरबीचा साठा हे त्याचं मुख्य खाणं. माशीची रोगाशी लढण्याची ताकद आणि तिचं आयुष्य त्याच साठ्यावर चालतं. शिवाय पंख चुरगळवणारा विषाणू तोच पसरवतो. पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या सरपटताना दिसू लागल्या, की आत माइट आधीच खूप वाढलेला असतो. त्याच्या आधी कळावं यासाठी ही बरणी.

पद्धत अशी. पिल्लांच्या चौकटीवर राणी नाही ना हे दोनदा बघायचं. मग त्या चौकटीवरच्या माश्या परातीत झटकून अर्धा कप, म्हणजे सुमारे 300, बरणीत घ्यायच्या. वरून दोन चमचे पिठीसाखर, बरणी हलकेच लोळवायची आणि काही मिनिटं सावलीत ठेवायची. साखरेच्या भुकटीने माइटच्या पायांची पकड सुटते. मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात जोरात झटकायची आणि ताटात थोडं पाणी टाकायचं. साखर विरघळते आणि माइट दिसू लागतात: तांबूस, राजगिऱ्याचा दाणा चपटा करावा तसे. साखरेने माखलेल्या माश्या परत पेटीत सोडायच्या, बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. परदेशात बहुतेक ठिकाणी शंभर माश्यांमागे दोन-तीन माइट ही धोक्याची रेषा धरतात. मीही तीच धरतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: शेजारशेजारच्या दोन पेट्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो, आणि जास्त माइट बहुतेकदा सगळ्यात भरलेल्या पेटीत सापडतात. तिथे पिल्लं जास्त, नर जास्त. वर तिच्या माश्या दुबळ्या पेट्यांतला मध लुटायला जातात आणि येताना तिथले माइटही घेऊन येतात. डोळ्यांना जी पेटी उत्तम वाटते तिलाच औषधाची गरज, हे बरणीशिवाय कळलं नसतं. पावसाळ्याच्या शेवटी मोजणी मुळीच चुकवू नका. फुलोरा नसताना राणीचं अंडी घालणं मंदावतं, घरं कमी पडतात आणि माइट उरलेल्या पिल्लांवर आणि माश्यांवर दाटतात. कांदा बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या न्यायच्या असतील तर निकाल त्याआधी हातात हवा.

आता उणिवा. बाजारातल्या काही पिठीसाखरेत मक्याचं पीठ असतं, म्हणून घरीच साखर दळून घट्ट डब्यात ठेवावी. दमट हवेत ती गोळा होते आणि आकडा खोटा कमी येतो. मधाळ, ओल्या माश्या असल्या तरी तेच होतं. बंद घरांमधले माइट बरणीत येतच नाहीत, आणि पिल्लांच्या हंगामात बहुतांश माइट तिथेच असतात.

सगळ्यात मोठी उणीव ट्रोपिलेलॅप्सची. हा आग्या माशीवरून आलेला माइट व्हरोवापेक्षा लहान, लांबट, चौकटीवर भरभर पळणारा. तो प्रौढ माशीवर पोसत नाही, त्यामुळे बरणी त्याच्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. जवळ आग्याची पोळी असतील तर माश्या झटकून पिल्लांची चौकट पांढऱ्या ताटावर आपटून बघा. पिल्लांशिवाय तो दोन-तीन दिवसांपलीकडे फारसा टिकत नाही, म्हणून राणीला काही आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिल्लांमध्ये खंड पाडण्याचा उपाय त्याच्यावर चांगला चालतो.

जाळीच्या तळाने माइट कमी होतात ही आशा ठेवू नका. फार थोडा फरक पडतो. पत्र्यावर मात्र उपचारानंतर किती माइट पडले ते स्वच्छ दिसतं, पण त्यावर तेलाचा हात फिरवलेला हवा, नाहीतर मुंग्या पडलेले माइट उचलून नेतात आणि आपण औषध फसलं असं समजतो. माइटवरच्या औषधांपैकी फॉर्मिक ॲसिडची वाफ बंद घरांतही पोचते, ऑक्सॅलिक ॲसिड पोचत नाही. म्हणून ऑक्सॅलिक पिल्लं नसतानाच खरं काम करतं. आपल्या उन्हाळ्यात फॉर्मिक नकोच, तिशीच्या वर पारा गेला की राणी दगावण्याचा धोका वाढतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्या बाटलीला हात लावू नये.

नव्या पेट्या विकत घ्यायला जाताना बरणी सोबत न्या आणि पैसे देण्याआधी पिल्लांच्या चौकटीवरच्या माश्या तपासा. विकणारा नको म्हणाला तर दुसरीकडे बघा.