क्रायोलन टीव्ही पेंट स्टिक: डेली सोपच्या बारा तासांच्या शिफ्टला पुरते का?

सकाळी सातचा कॉल, साडेआठला पहिला शॉट, संध्याकाळी सातला पॅकअप आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, संपत आली असेल तर त्याहून उशीर. डेली सोप करणाऱ्या नटाचे महिन्यातले वीस-बावीस दिवस असे जातात आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ चेहऱ्यावर बेस, म्हणजे त्वचेच्या रंगाचा मेकअपचा पहिला थर, असतो. म्हणून लग्नासमारंभाच्या फाउंडेशनला लावायचे निकष इथे उपयोगाचे नाहीत. मालिकेच्या बेसला दिवसभर टिकावं लागतं, शिवाय चार दिवसांपूर्वीच्या सीनशी तंतोतंत जुळावंही लागतं. नायिका बंगल्याच्या दारातून आत शिरते तो शॉट सोमवारी बाहेर घेतलेला असतो आणि तिचं दिवाणखान्यातलं पुढचं पाऊल शुक्रवारी स्टुडिओत पडतं. प्रेक्षकाला मधले चार दिवस दिसता कामा नयेत.

या कामासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली वस्तू म्हणजे क्रायोलनची टीव्ही पेंट स्टिक. कंपनी बर्लिनची, १९४५ साली सुरू झालेली, मूळची रंगभूमी आणि कॅमेऱ्यासाठी रंग बनवणारी. कांडी २५ ग्रॅमची, फिरवून वर काढायची. किंमत हजाराच्या पुढे आहे, पण मालिका करणाऱ्याला ती महाग पडत नाही. नीट लावली तर एका चेहऱ्याला वाटाण्याएवढा, म्हणजे साधारण पाव ग्रॅम बेस लागतो. या हिशेबाने एक कांडी १०० दिवस जाते. महिन्याला बावीस दिवस शूटिंग धरा, साडेचार महिने झाले. दोन महिन्यांत कांडी संपत असेल तर चेहऱ्यावर थर दुप्पट चढतोय हे नक्की.

हिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी या जाड थरातूनच येतात. रंगद्रव्य इतकं दाट आहे की थोड्यात काम होतं, पण कांडी गालावर थेट घासली की हात थांबत नाही. कांडी चेहऱ्याला लावूच नका. स्टीलच्या पट्टीने थोडा बेस खरवडून तळहाताच्या मागच्या बाजूवर घ्या आणि अर्धा मिनिट बोटाने मळा, म्हणजे अंगाच्या उबेने तो मऊ होतो. स्पंज ओला करून घट्ट पिळा. दाबल्यावर एक थेंबही पडता कामा नये. मग नाकाच्या बाजूने सुरुवात करून कानाकडे दाबत न्या. ओढायचं नाही, दाबायचं. कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग सगळ्यात शेवटी, स्पंजवर जे उरलं असेल तेवढ्यावरच. कान विसरू नका. लाइटच्या उष्णतेने कान लाल होतात आणि क्लोजअपमध्ये चेहरा एका रंगाचा, कान दुसऱ्याच रंगाचे दिसतात. गळा, मान, साडीत उघडी राहणारी पाठ यांना पाण्यात कालवायचा पॅनकेक बरा, कारण ही कांडी तेलकट असल्याने ब्लाउजच्या काठाला लागते आणि तो डाग धुऊनही लवकर जात नाही.

बेसच्या आधी तोंड धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं सेटवर कुणीच देत नाही, म्हणून ती हेअर चालू असताना साधायची. पुरुषांनी दाढी बेसच्या निदान अर्धा तास आधी उरकावी, नाहीतर चुरचुरतं आणि पुरळ येतं. दाढीची निळसर झाक दिसत असेल तर खाली नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात द्यावा. फक्त बेस वाढवून ती झाक लपत नाही, राखाडी होते.

पावडरशिवाय ही कांडी अर्धवट आहे. तिच्यात तेल आणि मेण असल्याने ती आपणहून सुकत नाही. ट्रान्स्लुसंट, म्हणजे स्वतःचा रंग न दिसणारी, पावडर पफवर घ्या, पफ दुमडून आतल्या आत चोळा म्हणजे पावडर त्यात मुरते, मग चेहऱ्यावर दाबा आणि जास्तीची ब्रशने झाडा. हसल्यावर नाकापासून ओठांपर्यंत पडणाऱ्या रेषेत पावडर लावायच्या आधी एकदा स्पंज फिरवा. तिथे साचलेल्या बेसवर पावडर बसली की दुपारपर्यंत चीर पडते आणि मग सगळं पुसून पुन्हा करण्यावाचून इलाज नसतो.

छटा निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. आपल्याकडे दुकानांत या कांडीच्या ‘एफएस’ गटातल्या छटांचे क्रमांक सहज मिळतात: २२ आणि २८ उजळ त्वचेकडचे, ३६ आणि ३८ गव्हाळ वर्णाच्या आसपासचे, ४५ सावळेपणाकडे झुकणारा. मनगटावर छटा पाहू नका, जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढा आणि दुकानाच्या बाहेर दिवसाच्या उजेडात आरसा धरा. जी रेघ दिसेनाशी होईल ती तुमची. दोन छटांमध्ये अडकलात तर गडद घ्या. उजळ दिसण्याच्या हौसेने एक क्रमांक फिकी घेतलेली छटा मेकअप रूमच्या पिवळ्या बल्बखाली छान वाटते. सेटवर थर्माकोलवरून परतलेला पांढरा उजेड पडला की तोच चेहरा राख फासल्यासारखा होतो. सावळ्या नायिकेला दोन क्रमांक उजळ करण्याची जुनी खोड अजून काही सेटवर आहे. ती तर पूर्णपणे चूक आहे, कारण मान आणि हात कुणी तेवढे रंगवत नाही.

आउटडोअरला छटेचा आणखी एक प्रश्न येतो. मराठी मालिका आता फक्त गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला किंवा घोडबंदर रोडला होत नाहीत. ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाली, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे. उन्हात पंधरा दिवस काढले की नटाचा वर्ण एक छटा उतरतो आणि आधी घेतलेल्या क्रमांकात चेहरा वेगळा दिसायला लागतो. लागोपाठच्या दोन छटा जवळ ठेवून मिसळाव्यात आणि प्रमाण लिहून ठेवावं: ‘३८ दोन भाग, ४५ एक भाग’. ही चिठ्ठी आणि प्रत्येक सीनच्या लुकचा एक साधा फोटो असला की मेकअप आर्टिस्ट बदलला तरी कंटिन्युइटी, म्हणजे सीनशी सीनचं जुळणं, सांभाळता येते.

घामाला ही कांडी चांगली पुरते, पाण्याला तितकी नाही. कौटुंबिक मालिकेत नायिकेला दिवसाकाठी दोन-तीन रडायचे सीन असतातच. ग्लिसरीनने आलेला अश्रू गालावरून गेला की पावडरीत ओघळ उमटतो. तो पुसू नका. टिश्यूची घडी करून खालून वर टेकवा, मग फक्त त्या रेषेवर पफ दाबा. दुपारी जेवणानंतर नाक आणि कपाळ चमकायला लागतं, तेव्हाही आधी टिश्यूने तेल टिपून घ्यायचं आणि मगच पावडर. तेलावर पावडर मारत राहिलं की चार वाजेपर्यंत गोळे धरतात आणि एचडी कॅमेरा ते लपवत नाही.

चिकटवायच्या गोष्टींच्या बाबतीत मात्र हा बेस त्रास देतो. चंद्रकोर टिकली तेलकट बेसवर धरत नाही, सीनच्या मध्यात सरकते. तेवढी जागा आधीच कोरडी पुसून तिथे पावडर दाबावी. लपेल माइकची, म्हणजे कपड्यांत लावायच्या छोट्या माइकची, टेप त्वचेवर लावायची असेल तर छातीवर बेस उतरवूच नये. ऐतिहासिक मालिकेत मिशी, कल्ले चिकटवताना तर गोंदाची जागा स्पिरिटने साफ करूनच पुढे जावं लागतं.

आता त्वचेचं. सेटवरची सामायिक कांडी पाच चेहऱ्यांवर फिरते आणि एकाच्या त्वचेचा संसर्ग इतरांना जाऊ शकतो. २०२०च्या लॉकडाउननंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा अनेक कलाकारांना स्वतःचा मेकअप स्वतः करावा लागला. तेव्हापासून स्वतःची कांडी, स्वतःचा स्पंज, स्वतःचा पफ बाळगण्याची सवय बऱ्याच जणांना लागली, आणि ती टिकायला हवी. मेकअप आर्टिस्ट याला अपमान मानत नाहीत. चांगला मेकअप दादा स्वतःच सांगतो. दादाच का, तर मुंबईच्या चित्रसृष्टीत स्त्रियांना कामगार संघटनेकडून केशभूषेचंच कार्ड, म्हणजे काम करण्याचा परवाना, मिळायचं, मेकअपचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये ती अट बेकायदा ठरवली, तेव्हा कुठे ‘मेकअप ताई’ हक्काने सेटवर आल्या.

पॅकअपनंतर ओल्या वाइप्सने हा बेस निघत नाही, पसरतो. खोबरेल तेल किंवा क्लिन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर एक मिनिट चोळा, कोमट ओल्या फडक्याने टिपा, मग फेसवॉश. पांढऱ्या फडक्यावर रंग उमटायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. हनुवटी आणि केसांची कड इथे राहिलेला बेसच पुढे फोड बनून येतो. मोठी मुरमं उठलेली असताना, किंवा खोबरेलानेही पुरळ येणारी त्वचा असेल तर, ही कांडी घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. चेहरा हेच ज्याचं भांडवल आहे त्याने इथे कसर करू नये. सुट्टीच्या दिवशी चेहरा मोकळा ठेवा.

ऑडिशनची सेल्फ टेप घरी, खिडकीच्या उजेडात, फोनवर करणाऱ्या नवोदितांनी पूर्ण चेहऱ्याला हा बेस लावायची गरज नाही. डोळ्यांखाली आणि डागांवर टेकवला की पुरे. कास्टिंगवाल्यांना तुमची त्वचा जशी आहे तशी पाहायची असते.

खरेदी करताना बनावट मालाची भीती खरी आहे. निम्म्या किमतीत मिळणारी कांडी सोडून द्या, खोक्यावरचा आणि कांडीवरचा क्रमांक ताडून पाहा, अधिकृत विक्रेत्याकडूनच बिल घेऊन घ्या. पहिल्यांदा एकच छटा घ्या, चित्रीकरणाचं एक शेड्यूल, म्हणजे सलग दिवसांची एक फेरी, वापरा, मॉनिटरवर स्वतःचा क्लोजअप बघा आणि मग शेजारची दुसरी छटा मागवा. आउटडोअरला कांडी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका; वितळून झाकणात बसली की पुन्हा सरळ वर येत नाही. पाण्याच्या बाटलीशेजारी, टिफिनच्या थंड कप्प्यात ती व्यवस्थित राहते.